मुरगळलेला घोटा आणि आपली घाई

ऑगस्टमधली संध्याकाळ. पावसाची भुरभुर नुकतीच थांबली होती आणि शाळेचं सिमेंटचं कोर्ट मुलींनी पोती फिरवून कसंबसं कोरडं केलं होतं. रिबाऊंडसाठी उंच उडालेली माझी तेरा वर्षांची लेक खाली आली ती दुसऱ्या मुलीच्या बुटावर. घोटा आत वळला आणि ती तिथेच बसकण मारून बसली. जिल्हा स्पर्धेला १९ दिवस उरले होते. डॉक्टरांनी पाय दाबून, वळवून पाहिला, पट्टी बांधली आणि विचारलं, ‘काही शंका?’ माझी एकच शंका होती : ‘१९ दिवसांत होईल ना?’

ती खेळली. मधल्या दिवसांत मी रोज विचारत होतो, ‘आता दुखत नाही ना?’ आणि ती रोज म्हणत होती, ‘नाही बाबा.’ स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, तोच घोटा पुन्हा मुरगळला. काही आठवड्यांत निभावलं असतं ते दुखणं साडेतीन महिन्यांवर गेलं. नंतर कळलं, तिचा पाय पहिल्या दिवसापासून एकदाही दुखायचा थांबला नव्हता. मला कोणतं उत्तर हवंय ते माझ्या प्रश्नातच होतं, आणि शहाण्या मुलीसारखं तिनं मला ते दिलं.

मी डॉक्टर नाही आणि हा लेख डॉक्टरांची जागा घेणार नाही. पण त्या साडेतीन महिन्यांत अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि कोच यांच्याकडे खेटे घालताना, आणि घरी बसून वाचताना, जे समजलं ते आधी समजलं असतं तर बरं झालं असतं. ज्यांच्या घरात बास्केटबॉल खेळणारं मूल आहे, त्यांच्यासाठी ते इथे मांडतो आहे.

पहिली दहा मिनिटं

मूल कोर्टवर पडलं की आपण आधी धावतो आणि मग विचार करतो. कोच किंवा पंच बोलावतील तेव्हाच आत जा. काखेत हात घालून त्याला उभं करू नका, ‘चालून बघ, मोकळं होईल’ असंही म्हणू नका. आधी त्याला स्वतःहून काय हलवता येतं ते पाहा.

काही खुणा दिसल्या तर वेळ न घालवता १०८ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावं : हात-पाय उघड वाकडा दिसणं, जखमेतून हाड दिसणं, बोटं गार, फिकट किंवा बधिर पडणं. मान दुखत असेल तर मुलाला हलवूच नका. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी बेशुद्ध पडलं, उलटी झाली, स्कोअर किंवा समोरचा संघ आठवेना, तर रुग्णालयच. आणि डोक्याला मार लागल्यावर नुसती चक्कर आली किंवा डोकं दुखलं, तरी त्या दिवशी पुन्हा कोर्टवर पाठवायचं नाही. पाच मिनिटांत ‘मी बरा आहे’ म्हणाला तरीही नाही.

साधा मुरगळा असेल तर बूट-मोजे अलगद काढा, पाय उशीवर उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा. बोटं निळसर पडतील इतकं घट्ट नको. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं लावला की कळ कमी होते. बर्फाचं काम तेवढंच. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केली. त्यांनीच पुढे २०१४ मध्ये मान्य केलं की फार बर्फ आणि फार विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. म्हणजे बर्फ वेदनेसाठी, पहिल्या एक-दोन दिवसांपुरता.

आता आपल्याकडचे खास उपाय. ताज्या दुखापतीवर मालिश नको, शेक नको. चेंडू लागून सुजलेलं बोट कुणाकडून ‘कडकन ओढून’ घेऊ नका. आंबेहळदीच्या लेपानं बरं वाटत असेलही, पण लेपाखालचं हाड तडकलंय की नाही ते लेप सांगत नाही. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत गमतीपुरती ठीक. मुलाच्या पाठीवर तिचा प्रयोग नको. घरात पडलेली वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि ॲस्पिरिन तर मुलांना आपल्या मनानं कधीच नाही. दुखणं दाबून सरावाला पाठवण्यासाठी गोळी देणं हा तर गुन्हाच समजा.

एक्स-रे कधी?

प्रत्येक मुरगळ्याला एक्स-रे लागत नाही आणि एमआरआय तर त्याहून कमी वेळा लागतो. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ मध्ये डॉक्टरांनी यासाठी काही सोपे निकष बसवले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबलं की दुखतं का? करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर जे हाड वर आलेलं असतं, तिथे किंवा आतल्या बाजूच्या कमानीवरच्या हाडाला दाबल्यावर कळ येते का? लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? हाडावर दुखत असेल किंवा चार पावलं जमत नसतील, तर एक्स-रे हवा. नुसती मऊ भागाला सूज असेल आणि मूल चालत असेल, तर हाड मोडलं असण्याची शक्यता फार कमी. तपासायचं काम डॉक्टरांचंच, पण हे ठाऊक असलं की त्यांच्याशी बोलणं सोपं जातं.

मुलांच्या बाबतीत एक भर घालावी लागते. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी असते. ती कूर्चेची, म्हणून मऊ असते आणि पुष्कळदा शेजारच्या अस्थिबंधापेक्षा कमजोर ठरते. ज्या झटक्यानं तुमचा घोटा नुसता मुरगळेल, त्याच झटक्यानं मुलाची वाढीची पट्टी दुखावू शकते, आणि पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही. या पट्ट्या मुलींमध्ये साधारण १४-१५ व्या वर्षी आणि मुलांमध्ये १६-१७ च्या सुमारास बंद होतात. तोवर ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबू नये. आठवड्याभरानंतरही हाडावर दाबून दुखत असेल, तर पुन्हा दाखवावं.

याच वयातली आणखी तीन दुखणी ओळखून ठेवा. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन उडी मारताना दुखणं हे ऑसगुड-श्लॅटर. उंची झपाट्यानं वाढताना ते डोकं वर काढतं, उड्यांचं प्रमाण कमी केलं की आवाक्यात राहतं आणि वाढ थांबल्यावर बहुतेकांचं शमतं. चेंडू बोटाच्या टोकावर आदळून पेर खाली लोंबलं आणि आपणहून सरळ होईना, तर ते ‘नुसतं लागलेलं’ नसतं. सहा ते आठ आठवडे अखंड स्प्लिंट लागते आणि मध्ये एकदा काढून वाकवलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. आणि तिसरं, रात्री झोपेतून उठवणारं, खेळाशी संबंध नसलेलं, आठवड्यांमागून आठवडे राहणारं हाडाचं दुखणं. त्याला ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका, दाखवाच.

गुडघ्यातून आवाज आला तर

बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक दुखतो घोटा, पण सर्वाधिक धास्ती गुडघ्याची. धावता धावता थांबताना, वळताना किंवा उडीवरून उतरताना, कुणाचा धक्काही न लागता, गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा फुगला, तर गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. मुली-मुलांच्या क्लबात याला सरसकट ‘एसीएल’ म्हणतात. याच खेळात मुलींना हा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

शस्त्रक्रिया करायची का, कधी आणि कशी, हे मुलाच्या वाढीच्या पट्ट्या उघड्या आहेत की बंद, यावरही ठरतं. म्हणून लहान मुलांच्या अशा शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या तज्ज्ञाचं दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांच्या आत सामन्यात उतरू नये, असं आता बहुतेक तज्ज्ञ सांगतात. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यापैकी साधारण चारांतल्या एकाचा त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचा अस्थिबंध पुन्हा तुटतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी सहाव्या महिन्यात ‘एकच सामना खेळू दे की’ म्हणणाऱ्या कोचला नाही म्हणायचं बळ येतं.

विम्याचे कागद याच टप्प्यावर काढा. आरोग्य विम्यात सुरुवातीची ३० दिवसांची थांबण्याची अट अपघाताला लागू नसते. मात्र खेळातल्या दुखापतीबद्दल तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय, ते रुग्णालयात दाखल होण्याआधी वाचलेलं बरं.

‘किती दिवस?’ नको, ‘काय जमतंय?’ विचारा

आपण डॉक्टरांकडे तारीख मागतो, कारण स्पर्धेला तारीख असते. शरीराला ती ठाऊक नसते. आमच्या फिजिओ ताईंनी दुसऱ्या खेपेला पहिल्याच दिवशी वहीतली तारीख खोडली आणि तिथे पायऱ्या लिहिल्या. घोट्यासाठी त्या साधारण अशा होत्या :

१. न लंगडता चालणं आणि जिना चढणं-उतरणं.

२. दुखऱ्या पायावर एकट्यानं तोल सांभाळणं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून.

३. एकाच पायाच्या चवड्यावर उठणं-बसणं, चांगल्या पायाला जितक्या वेळा जमतं जवळजवळ तितक्या वेळा.

४. सरळ रेषेत धावणं. मग इंग्रजी आठाच्या आकारात. मग नागमोडी धावून अचानक थांबणं.

५. एका पायावर लांब उडी, चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के.

६. संघाबरोबर सराव, पण अंगाला अंग न लावता.

७. पूर्ण सराव, तोही आठवडाभर.

८. मग सामना, आणि सुरुवातीला काही मिनिटंच.

पायरी चढल्यावर त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी सूज वाढली, तर एक पायरी खाली यायचं. त्यात शिक्षा काही नाही. या पायऱ्यांचा मोठा फायदा म्हणजे घरातलं बोलणं बदलतं. ‘कधी खेळणार?’ याला मुलाकडे उत्तर नसतं, उगाच दडपण येतं. ‘आज डोळे मिटून किती सेकंद उभी राहिलीस?’ याला उत्तर असतं, आणि ते उद्या सुधारता येतं.

बसून राहणं म्हणजे खेळ सुटणं नव्हे, हेही फिजिओ ताईंनीच दाखवलं. खुर्चीत बसून डाव्या हातानं ड्रिबल, खुर्चीतूनच बास्केटजवळून एका हाताचे शॉट, पोटाचे आणि खांद्यांचे व्यायाम. लेकीचा डावा हात त्या तीन महिन्यांत जितका सुधारला तितका आधीच्या दोन वर्षांत सुधारला नव्हता.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं मुलांना लागू पडतात, फक्त ती पूर्ण सांगावीत. स्टीफन करीच्या उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षांत शस्त्रक्रिया झाल्या आणि २०११-१२ च्या मोसमात तो जेमतेम २६ सामने खेळला. त्यानंतर त्यानं नितंब आणि मांड्यांची ताकद वाढवण्यावर भर दिला, म्हणजे उतरतानाचा भार एकट्या घोट्यावर पडणार नाही. २०१५ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मुलींसाठी पेज ब्यूकर्सचं उदाहरण आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचा गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि २०२२-२३ चा अख्खा मोसम ती बाकावर होती. २०२५ मध्ये तिच्या विद्यापीठानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि डब्ल्यूएनबीएच्या निवडीत ती पहिली निवडली गेली. गोष्ट सांगताना विजेतेपदाकडे धावू नका. मधला रिकामा मोसम मुलाला जास्त ओळखीचा वाटतो.

घरात काय बोलायचं, काय गिळायचं

दुखापत झालेलं मूल चिडतं, रुसतं, दार लावून बसतं. रोजचे दोन तास, मैत्रिणी आणि ‘मी बास्केटबॉल खेळते’ ही ओळख, सगळंच एकदम हातातून निसटलेलं असतं. अशा वेळी ‘एवढं काय त्यात’ म्हणू नये. ‘बरं झालं, आता अभ्यास तरी होईल’ हे तर मनात आलं तरी गिळून टाकावं. मुलाला ते ‘तुझा खेळ आम्हाला अडथळाच वाटत होता’ असं ऐकू येतं.

मुलींच्या घरात आणखी एक वाक्य दबा धरून बसलेलं असतं : ‘सांगितलं होतं, मुलीच्या जातीनं कशाला उड्या मारायच्या? उद्या लग्नाच्या वेळी पाय वाकडा निघाला तर?’ आमच्याकडे ते आत्यानं म्हटलं, दुसरीकडे आजोबा म्हणतील. मुलाची दुखापत ही दुखापत असते. मुलीची मात्र तिचा खेळ बंद करण्यासाठी पुरावा होते. हे वाक्य मुलीच्या कानावर गेलं की पुढचं दुखणं ती कधीच सांगणार नाही, कारण सांगितलं तर खेळ जाईल. म्हणून वडीलधाऱ्यांशी आधी, वेगळं, पण स्पष्ट बोला : ‘पाय बरा होईपर्यंत विश्रांती, आणि बरा झाला की खेळ चालू.’ आई-वडील दोघांचं म्हणणं एकच असायला हवं.

या काळात खाणं तोडू नका. ‘खेळत नाही तर वजन वाढेल’ म्हणून पोळी कमी करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. भरून येणाऱ्या शरीराला डाळी, दूध, अंडी, नाचणी, शेंगदाणे हे सगळं लागतं. मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर तेही डॉक्टरांना सांगा. कमी खाणं, बंद पडलेली पाळी आणि हाडाला पडणाऱ्या बारीक चिरा यांचं नातं जवळचं आहे. आणि दोन-तीन आठवडे मूल नीट झोपत नसेल, जेवत नसेल, मित्रमंडळींना टाळत असेल, तर समुपदेशकाकडे जायला कचरू नका. तोही उपचारच आहे.

कोच आणि सिलेक्शन

आपल्याकडे दडपण येतं ते वयोगटांतून. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या. ‘यंदा शेवटचं वर्ष’ हे शब्द आले की सगळ्यांचा धीर सुटतो. त्यात दहावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. हे फायदे खरे आहेत, त्यांना हिणवू नये. पण त्यांचा हिशेब पालकांनी आपल्या डोक्यात ठेवावा, तेरा वर्षांच्या घोट्यावर टाकू नये.

कोचशी बोलताना डॉक्टरांचं पत्र बरोबर न्या आणि मूल सध्या कुठल्या पायरीवर आहे ते लिहून द्या. ‘सर, ती सरळ धावू शकते, वळणं अजून नाहीत,’ इतकं नेमकं सांगितलं की चांगला कोच स्वतःच सराव आखून देतो. मुलाला सरावाला न्यायचं सोडू नका. स्कोअरशीट लिहिणं, २४ सेकंदांचं घड्याळ सांभाळणं, प्रतिस्पर्ध्याची कोणती खेळाडू डावीकडूनच आत शिरते ते टिपणं, ही कामं संघाला लागतातच. मात्र रोज बाकावर बसून रडू येत असेल तर आठवड्यातून दोनदा गेलं तरी चालेल. तेही मुलानंच ठरवावं.

परतल्यानंतर

पुन्हा मुरगळण्याची सर्वात मोठी जोखीम एकदा मुरगळलेल्या घोट्यालाच असते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १,४६० शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लेस बांधायचा घोटापट्टा वापरणाऱ्यांमध्ये घोट्याच्या दुखापती सुमारे एक तृतीयांश राहिल्या. झालेल्या दुखापतींची तीव्रता मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे पट्टा वापरावा, पण त्याच्या भरवशावर तोलाचे व्यायाम सोडू नयेत. दात घासताना एका पायावर उभं राहणं हा आमच्या घरात आता सगळ्यांचाच व्यायाम झाला आहे.

सरावाआधी १५-२० मिनिटं उडीवरून हलकं उतरणं, गुडघे आत न वळू देणं, थांबणं-वळणं यांचा वॉर्म-अप व्हावा, अशी मागणी पालकसभेत करा. ही मोफत मिळणारी सर्वात चांगली संरक्षक वस्तू आहे. तालुका-जिल्ह्याचे सामने बहुतेक पावसाळ्यातच येतात. कोर्टवर शेवाळ किंवा पाणी असेल तर सामना पुढे ढकलायला सांगण्यात लाज कसली? बुटाचा तळ गुळगुळीत झाला की बूट बदला, वरून कितीही नवा दिसत असला तरी.

शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि सुट्टीतला कॅम्प असे तिन्हीकडचे तास एकत्र मोजा. प्रत्येक कोचला फक्त आपलेच दिसतात. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी असावी. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही १४ वर्षांच्या आधी एकाच खेळाला जुंपू नका असं सांगतात. आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप लागते. पहाटेचा सराव आणि रात्रीची शिकवणी यांत ती कुठे बसते, ते एकदा कागदावर मांडून पाहा.

माझी लेक परतली ती पुढच्या मोसमात. स्पर्धेच्या दोन दिवस आधी, सरावाच्या मध्यावर, ती आपणहून कोर्टबाहेर आली आणि कुंपणाजवळ उभ्या असलेल्या मला म्हणाली, ‘बाबा, घोटा ओढतोय. आज इथेच थांबते.’ माझ्या तोंडावर आलेला प्रश्न मी परतवला. तिची बाटली तिला दिली, आणि आम्ही दोघं उरलेला सराव पाहत बसलो.